मॉर्मन पंथ आणि पवित्र शास्त्र : ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी तुलना

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या आपल्या तरुण-तरुणींना तेथे हमखास भेटणारे दोन प्रचारक असतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, अत्यंत सौजन्यपूर्ण बोलणे आणि हातात एक निळ्या वेष्टनाचे पुस्तक. ते येशू ख्रिस्ताविषयी बोलतात, बायबलमधील वचने उद्धृत करतात, कुटुंबप्रार्थनेचे महत्त्व सांगतात. मग साहजिकच प्रश्न पडतो : हे आपलेच, दुसऱ्या एखाद्या ख्रिस्ती पंथाचे बांधव आहेत की आणखी काही? त्यांचे पुस्तक घ्यावे काय? त्यांच्या प्रार्थनासभेला जाण्यात काय वावगे आहे? भारतातही या पंथाचे कार्य नवे नाही. १८५० च्या दशकात त्यांचे पहिले प्रचारक कलकत्ता, मुंबई व पुणे येथे येऊन गेले होते. १९९३ साली बंगळुरू येथे त्यांचे प्रचारकेंद्र स्थापन झाले आणि तेथेच मंदिर उभारण्याची घोषणा त्यांनी २०१८ साली केली. म्हणून पवित्र शास्त्राविषयी हा पंथ काय मानतो आणि कॅथलिक ख्रिस्तसभा काय शिकवते, हे आपल्या भाविकांना नीट ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पंथाचे अधिकृत नाव ‘येशू ख्रिस्ताचे लेटर-डे सेंट्स चर्च’ असे आहे. ‘लेटर-डे सेंट्स’ म्हणजे उत्तरकाळातील संत. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नये, अशी विनंती त्यांच्या तत्कालीन अध्यक्षांनी २०१८ साली केली. तिचा आदर राखूनच, केवळ ओळख पटावी म्हणून येथे जुने नाव वापरले आहे. जगभरात आपले १ कोटी ७० लाखांहून अधिक सभासद आहेत असे हा पंथ सांगतो.

सोन्याच्या पत्र्यांची कथा

पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. पुढे हे शेतकरी कुटुंब न्यू यॉर्क राज्यातील पाल्मायरा परिसरात स्थायिक झाले. त्या काळी तेथे प्रॉटेस्टंट पुनरुज्जीवन सभांचे पेव फुटले होते आणि प्रत्येक पंथ आपलेच खरे म्हणून सांगत होता. ‘यांपैकी खरा कोण?’ या प्रश्नाने व्याकूळ होऊन १८२० साली आपण वनात प्रार्थना केली तेव्हा देवपिता व येशू यांनी दर्शन दिले आणि कोणत्याही पंथात जाऊ नकोस असे सांगितले, असे स्मिथ यांनी पुढे लिहून ठेवले. या दर्शनाचे त्यांनी वेगवेगळ्या वर्षी दिलेले वृत्तांत उपलब्ध आहेत. त्यांपैकी १८३२ चा सर्वांत जुना वृत्तांत आणि १८३८ चा अधिकृत मानला जाणारा वृत्तांत यांच्या तपशिलांत फरक आहे.

१८२३ साली मोरोनी नावाच्या देवदूताने आपल्याला कुमोरा टेकडीत पुरलेल्या सुवर्णपत्र्यांविषयी सांगितले आणि १८२७ साली ते पत्रे हाती आले, असे स्मिथ म्हणत. त्यावरील लिपीला ते ‘सुधारित इजिप्शियन’ म्हणत. भाषांतराच्या वेळी पुष्कळदा ते एक खडा टोपीत ठेवून, टोपीत तोंड घालून मजकूर सांगत व लेखनिक तो उतरवून घेत असे. पूर्वी हा तपशील विरोधकांचा अपप्रचार म्हणून झटकला जात असे. परंतु त्या खड्याची छायाचित्रे खुद्द पंथानेच २०१५ साली प्रसिद्ध केली आहेत. मार्च १८३० मध्ये ‘मॉर्मनचा ग्रंथ’ पाल्मायरा येथे ५,००० प्रतींत छापला गेला आणि ६ एप्रिल १८३० रोजी पंथाची स्थापना झाली. सुवर्णपत्रे देवदूताने परत नेले, असे सांगितले जाते. आपण ते पाहिल्याची साक्ष देणाऱ्या अकरा जणांची नावे ग्रंथाच्या आरंभी छापलेली असतात. पण पत्रे आज कोणालाही तपासता येत नाहीत.

ग्रंथातील कथानक थोडक्यात असे. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास लेही नावाचा संदेष्टा सहकुटुंब येरुशलेम सोडून समुद्रमार्गे अमेरिका खंडात गेला. त्याच्या वंशजांची नेफाईट व लामनाईट अशी दोन राष्ट्रे झाली. पुनरुत्थानानंतर येशूने त्या खंडात येऊन त्यांना दर्शन दिले व डोंगरावरील प्रवचनासारखीच शिकवण दिली. अखेर लामनाईटांनी नेफाईटांचा संहार केला आणि मॉर्मन या सेनापतीचा पुत्र मोरोनी याने इतिहासाचे पत्रे इ. स. ४२१ च्या सुमारास पुरून ठेवले.

एक नव्हे, चार ग्रंथ

आपल्यासाठी पवित्र शास्त्र म्हणजे जुन्या कराराची ४६ आणि नव्या कराराची २७ अशी ७३ पुस्तके. मॉर्मन पंथाचे धर्मशास्त्र चार ग्रंथांचे आहे : बायबल, मॉर्मनचा ग्रंथ, ‘सिद्धांत आणि करार’ व ‘अमोल मोती’. त्यांच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, कारण त्यांनी इंग्रजी किंग जेम्स भाषांतर स्वीकारले. तोबित, युदिथ, सिराक, मक्काबी ही आपल्या उपासनेत वाचली जाणारी पुस्तके त्यात नाहीत. त्यांच्याविषयी स्मिथ यांनी ९ मार्च १८३३ रोजी एक ‘प्रकटीकरण’ दिले. या पुस्तकांत बरेच काही सत्य आहे, बरेच काही मागाहून घुसडलेले आहे, म्हणून त्यांचे भाषांतर करण्याची गरज नाही, असा त्याचा आशय. ज्या पुस्तकांतून ख्रिस्तसभा शतकानुशतके प्रार्थना करीत आली, त्यांचा निकाल असा एका परिच्छेदात लागला!

‘सिद्धांत आणि करार’ या ग्रंथात मुख्यत्वे स्मिथ यांना झालेली म्हटली जाणारी प्रकटीकरणे १३८ विभागांत संगृहीत आहेत. त्याला दोन अधिकृत घोषणा जोडलेल्या आहेत. बहुपत्नीत्व थांबविण्याची घोषणा १८९० ची, तर कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद खुले करणारी १९७८ ची. हा ग्रंथ स्थिर राहिलेला नाही. १८३५ च्या आवृत्तीत एकपत्नीत्वाचा पुरस्कार करणारा लेख होता. १८७६ साली तो वगळून बहुपत्नीत्वाविषयीचा १३२ वा विभाग घालण्यात आला. ‘श्रद्धेवरील व्याख्याने’ हा भाग १९२१ साली गळाला.

मॉर्मनचा ग्रंथ चाळणाऱ्या कॅथलिकास पहिल्या वाचनात फारसे विपरीत सापडत नाही, हेही सांगितले पाहिजे. पश्चात्ताप, बाप्तिस्मा, ख्रिस्तावरील विश्वास यांविषयीच त्यात अधिक मजकूर आहे. देवपित्याला मांस व हाडांचे शरीर आहे, मृतांसाठी बाप्तिस्मा घ्यावा, मनुष्य देवत्वाच्या पदाला चढू शकतो, या खऱ्या वेगळेपणाच्या गोष्टी त्यानंतरच्या प्रकटीकरणांतून व प्रवचनांतून आल्या. प्रचारकांच्या हातात निळे पुस्तक असते, पण त्यामागून येणारी शिकवण त्या पुस्तकापुरती नसते. एक तपशील कॅथलिकांनी विशेष ध्यानात घ्यावा. १८३० च्या पहिल्या आवृत्तीत पवित्र मरियेला ‘देवाची माता’ म्हटले होते. १८३७ च्या आवृत्तीत तेथे ‘देवपुत्राची माता’ असा बदल करण्यात आला. इ. स. ४३१ मध्ये इफिसच्या विश्वपरिषदेने जिचे रक्षण केले ती पदवी मरियेचीच नव्हे, तर ख्रिस्ताच्या देवत्वाची ग्वाही आहे, हे जाणणाऱ्याला हा बदल क्षुल्लक वाटणार नाही.

‘अचूक भाषांतर असेल तितकेच’

स्मिथ यांनी १८४२ साली आपल्या पंथाची श्रद्धा तेरा कलमांत मांडली. त्यांतील आठव्या कलमाचा आशय असा की, बायबल जेवढे अचूक भाषांतरित झाले आहे तेवढ्यापुरते ते देवाचे वचन होय. मॉर्मनच्या ग्रंथाला मात्र अशी अट नाही. नवव्या कलमानुसार देव यापुढेही महत्त्वाच्या अनेक गोष्टी प्रकट करणार आहे. मॉर्मनच्या ग्रंथात तर एका ‘मोठ्या व घृणास्पद’ मंडळीने बायबलातून अनेक स्पष्ट व मोलाची वचने काढून टाकली असा आरोप आहे. ती मंडळी म्हणजे कॅथलिक ख्रिस्तसभा, असे एकेकाळी पंथातील काही लेखक उघड लिहीत. अलीकडे त्यांचे बहुतेक भाष्यकार तसे म्हणत नाहीत, ही समाधानाची गोष्ट आहे.

भाषांतरात चुका होऊ शकतात हे आपणही मानतो. म्हणून तर ख्रिस्तसभा मूळ हिब्रू व ग्रीक संहितांच्या अभ्यासाला प्रोत्साहन देते. प्रश्न भाषांतराचा नसून मूळ संहिताच नष्ट वा विकृत झाली काय, हा आहे. त्यासाठी पुरावे तपासता येतात. कोडेक्स सिनाइटिकुस आणि व्हॅटिकन ग्रंथालयातील कोडेक्स व्हॅटिकानुस ही हस्तलिखिते चौथ्या शतकातील आहेत. नव्या करारातील काही पपायरस तुकडे त्याहूनही प्राचीन आहेत. १९४७ पासून मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांत यशयाची जवळजवळ संपूर्ण प्रत मिळाली. ती तोवर ज्ञात असलेल्या हिब्रू हस्तलिखितांहून सुमारे एक हजार वर्षांनी जुनी निघाली. शब्दांचे, अक्षरांचे फरक या प्रतींत आहेतच आणि विद्वान ते नोंदवितात. परंतु स्मिथ म्हणतात तशी गळालेली मोठी वचने कोणत्याही प्राचीन प्रतीत सापडलेली नाहीत.

१८३० ते १८३३ या काळात स्मिथ यांनी बायबलची स्वतःची सुधारित आवृत्ती तयार केली. हिब्रू वा ग्रीक हस्तलिखिते समोर ठेवून केलेले ते काम नव्हते. प्रेरणेने इंग्रजी मजकुरात भर व बदल करणे असे त्याचे स्वरूप होते. उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात त्यांनी घातलेल्या भरीत, पुढे योसेफ नावाचाच एक द्रष्टा उदयास येईल व त्याच्या पित्याचेही नाव तेच असेल, असे भाकीत आहे. जोसेफ स्मिथ यांच्या वडिलांचे नाव जोसेफच होते. यावर अधिक भाष्याची गरज नसावी.

यशयाचा प्रश्न याहून गहन आहे. मॉर्मनच्या ग्रंथात यशयाचे अनेक अध्याय बहुतांशी किंग जेम्स भाषांतराच्या शब्दांत येतात. त्यांत ४८ ते ५४ यांमधील अध्यायही आहेत. बहुसंख्य बायबलतज्ज्ञ, त्यांत कॅथलिकही आले, यशयाचा ४० ते ५५ हा भाग बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळातील, म्हणजे इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या मध्यातील मानतात. मग त्याच्या अर्धशतकापूर्वी येरुशलेम सोडून गेलेल्या लेहीच्या कुटुंबापाशी ते अध्याय कसे पोहोचले? संपूर्ण पुस्तक एकट्या यशयाचेच आहे, असे उत्तर पंथाचे अभ्यासक बहुधा देतात.

प्रकटीकरण पूर्ण झाले आहे काय?

मतभेदाचे खरे मूळ मात्र येथे आहे. देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला आणि या शेवटच्या काळात पुत्राच्या द्वारे बोलला, असे इब्री लोकांस पत्राच्या आरंभी म्हटले आहे (इब्री १:१-२). पुत्र हा केवळ आणखी एक संदेश आणणारा दूत नव्हे. तोच देवाचा शब्द आहे. देवाने आपले सर्वस्व ज्याच्यात सांगून टाकले त्याच्यानंतर सांगण्यासारखे नवीन काही उरत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी घोषित केलेल्या ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजात हीच शिकवण आहे : ख्रिस्ताच्या गौरवी पुनरागमनापूर्वी कोणतेही नवे सार्वजनिक प्रकटीकरण अपेक्षित नाही (क्र. ४).

येथे वाचक विचारतील : मग लूर्द्सचे काय, फातिमाचे काय? ही खाजगी प्रकटीकरणे होत. १८५८ साली बर्नादेतला किंवा १९१७ साली फातिमाच्या मुलांना लाभलेल्या दर्शनांनी श्रद्धेच्या ठेव्यात एका अक्षराची भर घातली नाही आणि त्यांवर विश्वास ठेवणे कोणाही कॅथलिकावर बंधनकारक नाही. ती आपल्याला शुभवर्तमानाकडेच परत नेतात. ख्रिस्ताच्या प्रकटीकरणाहून वरचढ ठरण्याचा किंवा ते दुरुस्त करण्याचा दावा करणारी ‘प्रकटीकरणे’ ख्रिस्ती श्रद्धेला स्वीकारता येत नाहीत, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो (क्र. ६७). मॉर्मनच्या ग्रंथाला १९८२ पासून ‘येशू ख्रिस्ताचा आणखी एक करार’ असे उपशीर्षक देण्यात येते. दावा काय आहे, ते या उपशीर्षकातच स्पष्ट होते.

एका बाबतीत मात्र मॉर्मन बांधवांचे म्हणणे आपल्याला परके वाटू नये. ‘केवळ बायबल’ पुरेसे नाही, जिवंत अधिकार हवा, असे ते म्हणतात. आपणही प्रॉटेस्टंट बांधवांशी बोलताना तेच म्हणतो. फरक त्या अधिकाराच्या स्वरूपात आहे. पंथाचा अध्यक्ष हा संदेष्टा मानला जातो व त्याच्याद्वारे नवे शास्त्र येऊ शकते. पंथाच्या सर्वसाधारण सभेत हात उंचावून ते स्वीकारले जाते. ‘अमोल मोती’ असाच १८८० साली शास्त्र ठरला. पोपमहोदयांना असा अधिकार नाही. ख्रिस्तसभेचा अध्यापनाधिकार देवाच्या वचनाहून श्रेष्ठ नाही, तो त्याचा सेवक आहे, असे विश्वपरिषद म्हणते (क्र. १०). प्रेषितांकडून मिळाले ते ऐकायचे, जपायचे व उलगडून सांगायचे, एवढेच त्याचे काम. श्रद्धेचे आकलन वाढते, ठेवा वाढत नाही.

ज्या ख्रिस्तसभेने शास्त्र दिले

प्रेषितांच्या मृत्यूनंतर ख्रिस्ताची मंडळी पूर्णपणे धर्मच्युत झाली, याजकीय अधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला आणि तो १८२९ साली स्वर्गातून स्मिथ यांना पुन्हा देण्यात आला, ही या पंथाची पायाभूत शिकवण आहे. तिच्याविना नव्या शास्त्राची गरजच उरत नाही. परंतु नव्या करारात कोणती पुस्तके असावीत हे ठरले केव्हा? आज आपल्याकडे आहेत तीच २७ पुस्तके संत अथनेशियस यांनी इ. स. ३६७ च्या ईस्टर-पत्रात नोंदविली. पुढे हिप्पो (३९३) व कार्थेज (३९७) येथील धर्मसभांनी दोन्ही करारांची सूची मान्य केली आणि त्रेंत विश्वपरिषदेने १५४६ साली तिच्यावर अंतिम मोहोर उठविली. म्हणजे मॉर्मन सिद्धांतानुसार ज्या काळात ख्रिस्तसभा अस्तित्वातच नव्हती, नेमक्या त्याच काळात तिने नवा करार निश्चित केला! मॉर्मन पंथही तीच २७ पुस्तके वापरतो. खरे-खोटे ओळखण्याची शक्ती गमावलेल्या मंडळीने नेमकी देवप्रेरित पुस्तके कशी निवडली, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकाला त्यांच्या साहित्यात आढळलेले नाही. शिवाय अधोलोकाची द्वारे मंडळीवर प्रबळ होणार नाहीत हे येशूचे वचन (मत्तय १६:१८) आणि युगाच्या अंतापर्यंत तुमच्याबरोबर राहीन हे अभिवचन (मत्तय २८:२०) यांचे मग काय करावयाचे?

उद्धृत केली जाणारी वचने

प्रचारक दोन उतारे विशेष दाखवितात. यहेज्केल ३७ मध्ये एका काठीवर यहूदाचे व दुसरीवर योसेफाचे नाव लिहून त्या जोडण्यास सांगितले आहे. पहिली काठी बायबल, दुसरी मॉर्मनचा ग्रंथ, असा अर्थ ते लावतात. पण अर्थासाठी दूर जावे लागत नाही. त्याच अध्यायातील पुढच्या ओव्यांत (१८-२२) देव स्वतः खुलासा करतो की, विभागलेली दोन राज्ये पुन्हा एका राजाखाली एक राष्ट्र होतील. दुसरा उतारा योहान १०:१६ चा. या मेंढवाड्यातील नसलेली ‘दुसरी मेंढरे’ म्हणजे अमेरिकेतील नेफाईट, असे मॉर्मनचा ग्रंथ म्हणतो. ख्रिस्तसभेच्या परंपरेने ती यहुदीतर राष्ट्रे मानली. प्रेषितांची कृत्ये वाचताना हा अर्थ डोळ्यांसमोर घडताना दिसतो. आपण भारतातील ख्रिस्ती लोक त्याच मेंढरांपैकी आहोत.

आपल्या बाजूनेही एक वचन जपून वापरावे. प्रकटीकरणाच्या अखेरीस ‘या पुस्तकात’ भर घालणाऱ्याला दिलेला इशारा (२२:१८-१९) वादात उत्साहाने फेकला जातो. तो मुळात त्या एका पुस्तकापुरता आहे. तशीच आज्ञा अनुवाद ४:२ मध्येही आहे आणि तिच्यानंतर बायबलातील बहुतेक पुस्तके लिहिली गेली. जाणकार मॉर्मन हे लगेच दाखवून देईल आणि आपला माणूस निरुत्तर होईल. गलती १:८ अधिक नेमके आहे. स्वर्गातील दूताने जरी निराळे शुभवर्तमान सांगितले तरी ते नाकारावे, असे संत पौल तेथे बजावतात.

अब्राहामाचे पुस्तक

सुवर्णपत्रे तपासता येत नाहीत; पण स्मिथ यांनी भाषांतरासाठी वापरलेले एक साधन अंशतः आजही अस्तित्वात आहे. १८३५ साली पंथाने इजिप्शियन ममी व पपायरस विकत घेतले. त्यांवर अब्राहामाचे लेखन आहे असे स्मिथ यांनी जाहीर केले आणि १८४२ साली त्यांचे ‘भाषांतर’ प्रसिद्ध झाले. हेच आज ‘अमोल मोती’तील अब्राहामाचे पुस्तक होय. पपायरस जळून गेले असा सर्वांचा समज होता. परंतु त्यांचे काही तुकडे न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात सापडले व १९६७ साली पंथाला देण्यात आले. इजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी ते वाचले. ते मृतांबरोबर पुरण्याचे अंत्यविधीचे ग्रंथ निघाले. अब्राहामाचे नावही त्यांत नाही. या तुकड्यांवरील मजकूर स्मिथ यांच्या भाषांतराशी जुळत नाही, हे पंथाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मान्य केले आहे. मूळ मजकूर हरवलेल्या भागात असावा किंवा पपायरस हे केवळ प्रेरणेचे निमित्त असावे, असे पर्याय तो निबंध सुचवितो.

‘प्रार्थना करून पाहा’

असे प्रश्न उपस्थित केले की प्रचारक बहुधा वाद घालीत नाहीत. ते ग्रंथाचा शेवटचा भाग उघडून म्हणतात : हे सत्य आहे काय, असे मनापासून देवाला विचारा, पवित्र आत्मा अंतःकरणात खात्री देईल. घरापासून दूर, एकाकी असलेल्या तरुणावर या आमंत्रणाचा परिणाम होतो, कारण त्यासोबत मैत्री, जेवण, आजारपणातील मदत येते आणि ती मदत प्रामाणिक असते. या लोकांची कुटुंबनिष्ठा, व्यसनमुक्त जीवन, उत्पन्नाचा दशांश देण्याची शिस्त आपल्याला लाजविणारी आहे. आपल्या धर्मग्रामांत परगावाहून आलेल्या तरुणाची विचारपूस किती जण करतात, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. तथापि अंतःकरणाचा उमाळा हा सत्याचा एकमेव निकष नव्हे. प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, त्यांची परीक्षा करा, असे संत योहान लिहितात (१ योहान ४:१), आणि ती परीक्षा प्रेषितांच्या शिकवणुकीच्या कसोटीवर करावयाची असते.

बाप्तिस्मा, विवाह आणि नोंदवह्या

शास्त्राविषयीचा हा मतभेद केवळ पुस्तकी नाही. श्रद्धा सिद्धांत मंडळाने ५ जून २००१ रोजी, कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांच्या सहीने व पोप जॉन पॉल दुसरे यांच्या मान्यतेने, मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा वैध नाही असा निर्णय दिला. पाणी तेच, पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे शब्दही तेच; परंतु त्या शब्दांमागे एकच देव असलेले पवित्र त्रैक्य नाही. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळींचा बाप्तिस्मा आपण मान्य करतो, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे गांभीर्य कळते. त्याने संवादाची दारे मात्र बंद झालेली नाहीत. ९ मार्च २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी पंथाच्या तत्कालीन अध्यक्षांची व्हॅटिकनमध्ये भेट घेतली.

या निर्णयानुसार मॉर्मन पंथातून ख्रिस्तसभेत येणाऱ्या व्यक्तीला बाप्तिस्मा दिला जातो. कॅथलिक व मॉर्मन यांचा विवाह हा दोन बाप्तिस्मा झालेल्यांचा मिश्रविवाह ठरत नाही. तो वैध होण्यासाठी बिशपमहोदयांकडून धर्मभिन्नतेच्या अडथळ्यातून सूट मिळवावी लागते (धर्मकायदा, कलम १०८६). परदेशात असा विवाह ठरत असेल तर पालकांनी तारीख निश्चित करण्यापूर्वीच आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना भेटावे.

१ करिंथ १५:२९ या एका अवघड ओवीच्या आधारे हा पंथ मृत पूर्वजांसाठी प्रातिनिधिक बाप्तिस्मा करतो व त्याकरिता जगभरातून वंशावळींची माहिती गोळा करतो. संत पौल तेथे करिंथमधील कोणत्यातरी प्रथेचा केवळ उल्लेख करतात. ती पाळण्याची आज्ञा देत नाहीत. याच कारणास्तव, धर्मग्रामांच्या नोंदवह्या चित्रित करण्यासाठी या पंथाच्या वंशावळी संस्थेला देऊ नयेत, अशी सूचना धर्मगुरूविषयक मंडळाने ५ एप्रिल २००८ च्या पत्राद्वारे जगभरच्या बिशपांना केली. आपल्याकडील काही बाप्तिस्मा-नोंदवह्या पोर्तुगीज काळापासूनच्या आहेत. त्या पाहण्याची वा त्यांची छायाचित्रे घेण्याची मागणी बाहेरील कोणी केल्यास, चर्चच्या सेवकांनी ती परस्पर मान्य न करता प्रमुख धर्मगुरूंकडे पाठवावी.